‘ईदगाह’चा हमीद दुसऱ्या दिवशी कुठे गेला?

आमच्या घरातली सातवीतली मुलगी शाळेच्या हस्तलिखितासाठी गोष्ट लिहीत होती. मेढ्याच्या एसटी स्टँडवर एका म्हातारीची पिशवी हरवते आणि एक मुलगी ती शोधून काढते, अशी गोष्ट. स्टँड आपला, पाऊस आपला, म्हातारी केळघरकडची, भाषासुद्धा आपल्याकडची. फक्त पिशवी शोधणाऱ्या मुलीचं नाव होतं रिया. आम्ही सहज विचारलं, ‘बेटा, रियाच का? तुझ्या मैत्रिणींतलं एखादं नाव घे की. शबाना घे, तस्लीम घे.’ तिने वहीतून मान वर न करता उत्तर दिलं, ‘तसं नाव घेतलं की गोष्ट ईदची करावी लागते.’

आम्ही गप्पच बसलो. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. पाठ्यपुस्तकात, मासिकात, गॅदरिंगच्या नाटुकल्यात आपल्या नावाचं पोर बहुतेक वेळा ईदच्या दिवशी येतं. शीरखुर्म्याची वाटी देतं, एकोप्याबद्दल दोन वाक्यं बोलतं आणि निघून जातं. पिशवी शोधायला, सायकल पंक्चर व्हायला, गणितात नापास व्हायला ते थांबत नाही.

या एका उत्तरावरून आमच्यात बरीच चर्चा झाली आणि ती वेगळ्याच दिशेला गेली. प्रश्न नावाचा नाही, प्रश्न ‘पुन्हा येण्याचा’ आहे, असं आम्हाला वाटायला लागलं. म्हणून हा लेख मालिका-कथांबद्दल आहे. म्हणजे ज्या गोष्टींत तीच माणसं पुस्तकामागून पुस्तक भेटत राहतात, त्या गोष्टींबद्दल. लोकांना त्या इतक्या का आवडतात, लिहिणाऱ्याला त्यांतून काय मिळतं, आणि आपल्या घरांशी त्यांचा काय संबंध.

दोन हमीद

मुन्शी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ १९३३ सालची. चार-पाच वर्षांचा अनाथ हमीद, त्याची दादी अमीना, जत्रेसाठी मिळालेले तीन पैसे आणि खेळण्याऐवजी घेतलेला चिमटा. ही गोष्ट ठाऊक नसलेलं घर विरळाच. हिंदीत वाचलेली, मराठीत ऐकलेली, शाळेत बसवलेली. गोष्ट थोर आहेच. पण हमीद आपल्याला एकदाच भेटतो. चिमटा दादीच्या हातात पडतो, तिचे डोळे भरून येतात आणि संपलं. दुसऱ्या दिवशी हमीद काय करतो? जे सोबती खेळणी घेऊन मिरवत होते त्यांच्याशी त्याचं भांडण होतं का? तो शाळेत जातो का? मोठेपणी तो विसरभोळा होतो की चिकट? काहीच कळत नाही. तो एका दिवसाचा, एका गुणाचा मुलगा राहतो, आणि तो दिवस ईदचा असतो.

आता दुसरा हमीद बघा. हा इब्ने सफींचा. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद, जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. तिच्या पहिल्या ‘दिलेर मुजरिम’ या कादंबरीत इन्स्पेक्टर फरीदी आणि सार्जंट हमीद अशी जोडी होती. पुढे फरीदी कर्नल झाला आणि हमीद कॅप्टन. त्याच वर्षी लेखक कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्हीकडे निघत राहिली. कराचीहून हस्तलिखित यायचं आणि अलाहाबादला अब्बास हुसैनी ते छापायचे. या मालिकेची सव्वाशे पुस्तकं झाली. म्हणजे हा हमीद सव्वाशे वेळा आला.

सव्वाशे वेळा आल्यामुळे तो काय काय होऊ शकला! कामचुकार, थट्टेखोर, पोरींच्या मागे लागणारा, साहेबाला वैतागलेला, तरी वेळ आली की जिवावर उदार. त्याने एक बोकड पाळला होता, त्याचं नाव बगरा खान. गुप्त पोलीस खात्यातला माणूस बोकड घेऊन हिंडतो, हे एका सुट्या गोष्टीत कोण लिहील? तिथे जागाच नसते. तिथे प्रत्येक वाक्याला काम असतं. मालिकेत मात्र माणसाला निरुपयोगी सवयी ठेवायची मुभा मिळते, आणि माणूस खरा वाटतो तो या सवयींमुळेच.

आमच्या अब्बांच्या ट्रंकेत या कादंबऱ्या होत्या, पण हिंदी. त्यांची पिढी मेढ्यात मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे देवनागरी सफाईने वाचायची, उर्दू जेमतेम. आम्ही भावंडांनी तीच पुस्तकं वाचली. त्यात जोडी होती विनोद-हमीद. कर्नल विनोद आणि कॅप्टन हमीद. मुंबईहून आलेल्या एका चाचांनी एकदा हसत विचारलं, ‘अरे, ये विनोद कौन? वो तो फरीदी है!’ तेव्हा कळलं की हिंदीत आणताना नायकाचं नाव बदललं होतं. ‘इमरान सीरिज’मधला अली इमरान हिंदीत राजेश झाला होता. साहेब बदलला, हाताखालचा हमीद मात्र हमीदच राहिला.

राग येण्यासारखी गोष्ट आहे? थोडा आला. प्रकाशकाचा हिशेब उघड असावा, हिंदी वाचकाला नायक आपला वाटला पाहिजे. पण गंमत अशी की इतक्या वर्षांनी आमच्या डोक्यात पक्का बसलाय तो हमीदच. विनोद साहेब होता. हमीद घरातला होता.

ओळखीच्या माणसाकडे जायची ओढ

मालिका का आवडते, याचं पहिलं उत्तर सोपं आहे. नव्या पुस्तकाची पहिली वीस पानं म्हणजे अनोळखी घरात पाहुणा म्हणून बसणं. कोण कुणाचं, कुणाशी कसं बोलायचं, काही कळत नाही. मालिकेतलं पुस्तक म्हणजे खालाचं घर. चपला कुठे काढायच्या ते ठाऊक असतं.

पण तेवढंच नाही. ओळखीच्या माणसावर नवा प्रसंग आला की वाचक स्वतः अंदाज बांधायला लागतो. आता हा काय करील? अंदाज बरोबर आला की सुख, चुकला की जास्त सुख. इब्ने सफींच्या इमरानचं गणित याच्यावरच उभं आहे. इमरान दिसायला बावळट, च्युइंगम चघळणारा, बापाने घराबाहेर काढलेला. गुप्तहेर खात्याच्या ज्या प्रमुखाला सगळे ‘एक्स टू’ म्हणून घाबरतात, तो प्रत्यक्षात तोच. हाताखालच्या लोकांना हे माहीत नाही, वाचकाला माहीत आहे. दर पुस्तकात ती माणसं त्याला वेड्यात काढतात आणि वाचक मनात हसतो. हे हसू पहिल्या पुस्तकात येत नाही, दहाव्यात येतं. मागच्या नऊ पुस्तकांची ती कमाई असते.

ही युक्ती काही नवी नाही. आपल्या दास्तानींमध्ये ती शेकडो वर्षं आहे. दास्तान-ए-अमीर हमजातला अम्र अय्यार आठवा. भामटा, चलाख, लोभी, आणि खांद्याला ती झंबील, जिच्यात जगातली कुठलीही वस्तू मावते. ऐकणारे रात्रीमागून रात्र यायचे ते झंबिलीतून आज काय निघतं ते बघायला. अकबर बादशहाने या दास्तानीची चित्रं काढून घेतली, ती सुमारे चौदाशे होती. हा कारखाना चालवायला कितीतरी वर्षं गेली. बादशहासुद्धा ‘पुढे काय झालं’ यातून सुटला नाही, मग सातवीतल्या पोरीचं काय घेऊन बसलात.

वाचकाचा हट्ट तर लेखकालाही भारी पडतो. शेरलॉक होम्सला कंटाळून कॉनन डॉयलने १८९३ मध्ये त्याला धबधब्यात ढकललं. लोकांनी इतकी ओरड केली की १९०३ मध्ये त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. अगाथा ख्रिस्तीही तिच्या पॉयरोला विटली होती, पण त्याला सोडता आलं नाही. इब्ने सफींच्या बाबतीत उलटं झालं, तिथे लेखकच आजारी पडले. १९६० ते १९६३ अशी जवळजवळ तीन वर्षं मानसिक आजाराने त्यांची लेखणी थांबली. त्या काळात नावात थोडा फेरफार करून नकली ‘सफी’ बाजारात आले. पात्रं तीच, नावं तीच, पण वाचकांना ती माणसं ‘आपली’ वाटेनात. नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन इब्ने सफी परतले, तेव्हा अलाहाबादला त्या पुस्तकाचं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींनी केलं. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. विभाजनाला सोळा वर्षं झाली होती, लेखक पाकिस्तानात होता, आणि इकडे लोक त्याच्या फरीदी-हमीदची वाट बघत थांबले होते.

घरातल्या मोठ्यांचं एक म्हणणं असतं, तेही इथेच बघू. नॉव्हेल वाचून पोरं बिघडतात, असल्या मनगढंत गोष्टींत वेळ वाया जातो. वेळेचं म्हणणं खरं आहे, अभ्यास आणि नमाज सोडून कादंबरी हातात धरली तर कान धरायलाच हवा. पण इब्ने सफींनी लिहायला घेतलं त्यामागची सांगितली जाणारी हकिकतच अशी आहे की, उर्दूत अश्लील लिहिल्याशिवाय काही खपत नाही असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांनी ते खोटं पाडायचं ठरवलं. मोठ्यांसमोर उघडं ठेवता येईल असं पुस्तक त्यांनी लिहिलं. आमच्या अब्बांची ट्रंक म्हणूनच कधी कुलूपबंद नव्हती.

मराठीतली घरं

मराठीत या प्रकाराची कमी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावं आजही म्हाताऱ्या माणसांसमोर काढून बघा, चेहरा खुलतो. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, त्यांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी. नारायण धारपांचे समर्थ. तालुक्याच्या गावांतल्या वाचनालयांत ही पुस्तकं शिवण सुटेपर्यंत फिरली.

पण आम्हाला इथे दोनच नावांवर थांबायचंय. एक, चिं. वि. जोशींचे चिमणराव. गुंड्याभाऊ, काऊ, मैना, राघू, सगळा गोतावळा. आमच्या घरात कुणी पुण्याच्या ब्राह्मणाच्या माजघरात कधी बसलं नव्हतं. पण चिमणराव आधी पुस्तकांतून आणि मग दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपात इतक्या वेळा भेटले की त्या घरात चहा कसा होतो, पाहुणे आले की काय धांदल उडते, बायको कुठल्या शब्दांत चिडते, सगळं पाठ झालं. कुणी आम्हाला ‘त्यांची संस्कृती समजून घ्या’ असं म्हटलं नाही. आम्ही हसत बसलो होतो, समजणं आपोआप झालं.

दुसरं नाव भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो आणि संकट दिसलं की ‘ट्टॉक’ करतो. वीस पुस्तकं. त्यातलं एक ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’. प्रतापगड म्हणजे जुन्या जावळीतला, आमच्या डोंगरापलीकडचा. आपल्या भागात फेणे येऊन गेला, याचं लहानपणी केवढं अप्रूप होतं! मेढ्याच्या उतारावर ब्रेक नसलेली सायकल सोडून ‘ट्टॉक’ म्हणणारी आमची पोरं फेणेच झालेली असायची. अडनाव मुजावर असो, शेख असो नाहीतर मुल्ला, काही अडायचं नाही.

म्हणून आम्ही तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. फेणेच्या घरात आम्ही वीस पुस्तकं राहिलो, मजेत राहिलो. पण परतीची भेट झाली नाही. फेणेच्या वाचकाला आमच्या घरी राहायला मिळालं नाही. तो आला तर ईदच्या दिवशी तासभर, नवे कपडे घालून, अवघडून बसला आणि गेला. आमची अम्मी लाइट गेली की काय पुटपुटते, मोठा भाऊ टोपी कुठे ठेवून विसरतो, डबा उघडला की कुठली भाजी निघते, हे त्याला कळायला एक भेट पुरत नाही. सुट्या गोष्टीत आपलं पात्र येतं ते सगळ्या समाजाचं ओझं डोक्यावर घेऊन. ते चांगलंच वागतं, नाहीतर फारच वाईट. सातव्या पुस्तकात मात्र ते ओझं उतरलेलं असतं. तिथे वाचक एवढंच म्हणतो, ‘ही पोरगी पुन्हा छत्री विसरणार बघ.’

मुस्लिम मराठी लेखक लिहीत नाहीत असं नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून कविता, कथा, आत्मकथनं कितीतरी आली. पण त्यातलं पुष्कळसं मोठ्यांचं आणि गंभीर आहे, दुखणं सांगणारं. त्याची गरज होती आणि आहे. आमच्या कपाटात मात्र अशी एकही मराठी बालमालिका नाही, जिच्यातली तस्लीम पहिल्या पुस्तकात चौथीत आहे आणि पाचव्या पुस्तकातही आपल्याला हसवते आहे. पाचगणीजवळ भिलारला गेलो तेव्हाही पोरांनी हेच केलं. हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलीत, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. पोरांनी तिथे एक पुस्तक संपवलं की पहिला प्रश्न ‘याचा पुढचा भाग कुठल्या घरात आहे?’ पावसात भिजत या घरातून त्या घरात हिंडली.

लिहायला बसलं की

मालिका लिहिणं सोपं असतं की अवघड? दोन्ही. सोपं अशासाठी की माणसं तयार असतात. दर वेळी नवीन नायक, त्याचं घर, त्याचा स्वभाव जमवत बसायला नको. नवशिक्या मुलांना हे फार मानवतं. कोरा कागद बघून ज्यांचा हात थांबतो त्यांना ‘कालच्याच तस्लीमला आज शाळेला उशीर झाला’ एवढं वाक्य दिलं की गाडी सुरू होते.

अवघड अशासाठी की जे एकदा लिहिलं ते पुसता येत नाही. वाचक लक्षात ठेवतो. होम्सच्या डॉक्टर वॉटसनची लढाईतली जखम एका पुस्तकात खांद्याला होती, दुसऱ्यात पायाला गेली. शंभराहून जास्त वर्षं झाली, लोक अजून त्यावर वाद घालतात. म्हणून सराईत लेखक एक वेगळी वही ठेवतात. पात्राचं वय, घर, नातेवाईक, खोड्या, भीती, सगळं त्यात लिहून ठेवायचं आणि नवी गोष्ट सुरू करण्याआधी वाचायचं.

पात्रात एक खोट हवीच. सगळं येणारी, कधी न चुकणारी मुलगी दुसऱ्या गोष्टीतच कंटाळा आणते. शिवाय सोबतीला विरुद्ध स्वभावाचं कुणीतरी हवं. फरीदी गंभीर म्हणून हमीद उनाड, चिमणराव भित्रे म्हणून गुंड्याभाऊ दांडगा. भांडायला माणूस असला की संवाद लिहावे लागत नाहीत, ते होतात. आणि जागा ओळखीची हवी. इब्ने सफींनी शहराचं नाव न घेताही त्यातले रस्ते, हॉटेलं, क्लब इतके पक्के बांधले की वाचकाला वाट चुकायला होत नाही. आपल्याकडे वेण्णेचा पूल आहे, बाजारपेठ आहे, स्टँड आहे, कण्हेरचं धरण आहे, पावसाळ्यात धुक्यात गायब होणारा केळघर घाट आहे. आणखी काय पाहिजे?

एक धोका मात्र आहे. मालिका चालायला लागली की साचा होतो. तीच चोरी, तोच पाठलाग, शेवटी तेच हसू. अर्नाळकरांपासून सगळ्यांवर हा आरोप झाला आणि तो अगदीच खोटा नाही. महिन्याला पुस्तक द्यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. पण साच्याला नाकं मुरडणाऱ्यांना आम्ही एक सांगू. वाचनाची चटक लागते ती बहुधा साच्यातल्याच पुस्तकांनी. आमच्या घरात तरी पुढे जे काही जाडजूड वाचलं गेलं, ते त्या ट्रंकेनंतर.

तर त्या पिशवीच्या गोष्टीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. हस्तलिखितात ती ‘रिया’च्याच नावाने गेली, दिलेला शब्द मोडता येत नव्हता म्हणे. पण घरी तिने दोनशे पानी वही काढली आणि तस्लीम सुरू केली. मागच्या पानावर तस्लीमची माहिती लिहिलीय: वय बारा, अब्बांचं शिलाईचं दुकान, छत्री हमखास विसरते, खोटं बोलताना डावा कान खाजवते, पोहता येत नाही. सोबतीला वर्गातली एक शिंद्यांची मुलगी, जी प्रत्येक गोष्टीत शंका काढते. पहिल्या गोष्टीत दुकानातून एक ब्लाऊजपीस गायब होतो, दुसरीत एसटीचा पास हरवतो. दोन्हींत ईद नाही. दुसरीत रमजान आहे, पण तो एवढ्यापुरताच की तस्लीमला रोजा आहे आणि पाससाठी दुपारच्या उन्हात स्टँड ते शाळा तीन खेपा घालाव्या लागतात, त्यामुळे तिची चिडचिड झालीय.

तिसरी गोष्ट अडलीय. चोर वेण्णेच्या पलीकडे पळालाय, पूल लांब आहे आणि तस्लीमने आत्ता पाण्यात उडी घ्यायला हवी. पण मागच्या पानावर ‘पोहता येत नाही’ असं पेनाने लिहून ठेवलंय. खोडून टाक म्हटलं तर ऐकत नाही. ‘शिंद्यांच्या पोरीने वाचलंय ते,’ म्हणते, ‘ती लगेच पकडेल.’ चार दिवस झाले, चोर पलीकडच्या काठावर बसून आहे.